हिंजवडीत 'स्वेच्छेने' राजीनामा मागतायत. टाकू का? (तातडीचं)

पावसाळी_छत्री | सोमवार, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती आणि भटकंतीचे धागे वाचून गुपचूप निघून जाणारी. हात अजून थरथरतायत, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आज दुपारी तीनला 'क्विक कॅच-अप' नावाची मीटिंग आली. आत मॅनेजर नव्हताच. एचआरची दोन माणसं, त्यातलं एक स्क्रीनवर. म्हणाले, तुमच्या रोलची आता प्रोजेक्टला गरज उरलेली नाही. दोन पर्याय दिले. शुक्रवारपर्यंत पोर्टलवर राजीनामा टाकायचा, म्हणजे तीन महिन्यांचा पगार आणि 'स्वच्छ' रिलीव्हिंग लेटर. नाही टाकला तर टर्मिनेशन, आणि 'मग पुढच्या कंपनीच्या बॅकग्राउंड चेकमध्ये काय येईल ते आमच्या हातात नाही'. कागद एकही दिला नाही. मागितला तर म्हणाले, हे सगळं तोंडीच असतं.

अकरा वर्षं सात महिने झाले मला इथे. आमच्या मजल्यावरच्या नऊ जणांना आज हीच मीटिंग आली. घरी येऊन पोर्टल उघडलं. राजीनाम्याच्या कारणांची यादी आहे: उच्च शिक्षण, वैयक्तिक कारण, चांगली संधी, स्थलांतर. 'तुम्हीच सांगितलंत म्हणून' हा पर्याय कुठे नाही.

वाकडच्या घराचा हप्ता माझ्या पगारातून जातो. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. राजीनामा टाकू का? आणि कामगार कायदा मला लागू होतो का? मी एसीत बसून कोड लिहिते, मला कोण कामगार म्हणणार?

टोपणनाव_हरवलंय | सोमवार, रात्री ११:५१

आज काहीही टाकू नका. पोर्टल बंद करा, झोपा. झोप नाही आली तरी पडून राहा.

निवांत_पेठकर | मंगळवार, सकाळी ७:१०

ताई, तुमच्याबद्दल वाईट वाटतंच. पण राहवत नाही म्हणून लिहितो. वीस वर्षं आयटीवाल्यांसमोर युनियन हा शब्द काढला की नाकाला रुमाल लागायचा. 'आम्ही प्रोफेशनल, आमचं मेरिटवर चालतं.' पीएमपीएमएलचा कंडक्टर संपावर गेला की हेच लोक चिडायचे. आता कामगार आयुक्ताचा पत्ता विचारतायत.

टोपणनाव_हरवलंय | मंगळवार, सकाळी ७:२५

पेठकर, आग लागलेल्या घरासमोर उभं राहून वायरिंगची चर्चा करू नये. वेगळा धागा काढा, तिथे भांडू. मुद्दा बरोबर आहे, वेळ चुकली.

वकीलीणबाई | मंगळवार, सकाळी ९:०५

छत्री, कामगार न्यायालयातच माझं आयुष्य चाललंय, तेव्हा नीट वाचा.

राजीनामा टाकू नका. ते हटून बसलेत त्याचं कारण कायद्यातच आहे. मालकानं माणूस कमी केला तर ती 'कपात', आणि कपातीला अटी आहेत. माणूस आपणहून गेला तर ती कपात नाही, अटी लागूच होत नाहीत. म्हणजे तुमच्या एका क्लिकनं त्यांची कपात कागदावर तुमची इच्छा होते.

अटी कोणत्या? पूर्वी हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५-एफ मध्ये होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, आता तेच औद्योगिक संबंध संहितेत कलम ७० ला आहे. वर्षभराची सलग सेवा असलेल्या कामगाराला कारण लिहिलेली एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, आणि सरकारला कळवणं. सहा महिन्यांच्या वर गेलेलं वर्ष पूर्ण धरतात, म्हणून तुमची बारा वर्षं. बारा गुणिले पंधरा दिवस, सहा महिन्यांचा पगार झाला. नोटिशीचा त्याशिवाय.

आता एक सांगा, तुमच्या नेमणूकपत्रात नोटीस पीरियड किती आहे?

पावसाळी_छत्री | मंगळवार, सकाळी ९:२०

९० दिवस. दोन्ही बाजूंनी.

वकीलीणबाई | मंगळवार, सकाळी ९:३१

मग ते 'पॅकेज' म्हणून देतायत ते तीन महिने तुमचेच आहेत. तुमच्या खिशातली नोट काढून तुम्हालाच बक्षीस.

ग्रॅच्युइटी वेगळी. पाच वर्षं झालेल्याला ती राजीनामा दिला तरी मिळते आणि काढलं तरी मिळते. समजा मूळ पगार ६०,००० आहे. त्याला १५ नं गुणा, २६ नं भागा, १२ नं गुणा: ४ लाख १५ हजारांच्या आसपास. नव्या संहितांप्रमाणे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असले तर वरचा भाग वेतनातच धरायचा, त्यामुळे मूळ पगार मुद्दाम बारीक ठेवलेल्या कंपन्यांत हा आकडा वाढू शकतो. तेव्हा 'राजीनामा दिलात तर ग्रॅच्युइटीही देऊ' असं कुणी म्हणालं तर गालातल्या गालात हसा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला थोडा वेळ लागेल. पदाचं नाव बाजूला ठेवा, दिवसभर मुख्यतः करता काय? कामगाराच्या व्याख्येत तांत्रिक काम सरळ येतं आणि तांत्रिक कामाला पगाराची वरची मर्यादा नाही. मुख्यतः व्यवस्थापकीय काम असेल तर बाहेर. देखरेखीचं असेल आणि वेतन महिना १८,००० च्या वर असेल तरीही बाहेर. म्हणून कंपन्या कोर्टात पहिलं वाक्य हेच टाकतात की बाई 'लीड' होत्या. तुमच्या हाताखाली कोण? रजा कोण मंजूर करतं? अप्रेझलवर शेवटचा शब्द कुणाचा?

पावसाळी_छत्री | मंगळवार, सकाळी ९:५०

पद टेक्निकल लीड. चार मुलं आहेत टीममध्ये. रजेचं बटण माझ्याकडे आहे, पण मॅनेजर हो म्हणाल्याशिवाय दाबायचं नाही असा अलिखित नियम. अप्रेझलमध्ये मी मत लिहिते, आकडा वरून येतो. दिवसातले सात तास कोडच.

वकीलीणबाई | मंगळवार, सकाळी १०:०२

मग भांडण्यासारखी केस आहे. हे सगळं आजच तारखेनिशी लिहून काढा. सहा महिन्यांनी आठवत नाही.

वेळ लागतो हेही सांगते, फसवणार नाही. चेन्नईत टीसीएसनं २०१५ मध्ये काढलेल्या एका कर्मचाऱ्याला तिथल्या कामगार न्यायालयानं २०२२ मध्ये परत घ्यायला लावलं. तो व्यवस्थापकीय पदावर होता हा युक्तिवाद टिकला नाही. पण सात वर्षं गेली. प्रत्येकाला ती परवडत नाहीत, आणि न परवडणं हा गुन्हा नाही.

एचआरमधली_एक | मंगळवार, दुपारी १:१५

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितेय. मी अशा मीटिंगा घेतल्यात. तुमच्या कंपनीत नाही, पण स्क्रिप्ट सगळीकडे सारखीच. यादी वरून येते. आम्हाला सांगतात, मेल करू नका, तोंडी बोला, 'टर्मिनेशन' शब्द एकदाच वापरा. राजीनामा हवा असतो कारण मग कुणाला कळवायचं नाही, कुणाला आधी काढलं याची यादी दाखवायची नाही, आणि तिमाहीच्या आकड्यांत हे सगळं 'ॲट्रिशन', म्हणजे आपणहून सोडून गेलेले, म्हणून विरघळून जातं.

बॅकग्राउंड चेकची भीती आम्ही जितकी घालतो तितकी खरी नसते. मी पाहिलेल्या बहुतेक पडताळण्यांत तारखा, पद आणि 'देणं बाकी आहे का' एवढंच विचारलं जातं. 'पद रद्द झालं' या कारणानं २०२३ नंतर कुणाचं फारसं अडलेलं मी पाहिलं नाही. टीसीएसनंच जुलै २०२५ मध्ये मनुष्यबळाच्या दोन टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसं कमी करणार असं जाहीर केलं. काढलं जाणं ही आता गुपचूप सांगायची गोष्ट राहिलेली नाही.

शुक्रवारची मुदतसुद्धा बहुतेक वेळा आमचीच असते, कायद्याची नाही.

निवांत_पेठकर | मंगळवार, दुपारी १:४०

हे लिहायला धाडस लागतं. शिव्या रद्द.

गिरणगावचा_शेजारी | मंगळवार, रात्री ९:३०

छत्रीताई, 'स्वेच्छा' शब्द वाचला आणि वडील आठवले.

लालबागला आमची दहा बाय बाराची खोली. वडील साच्यावर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत. अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले होते. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला. काहींना परत घेतलं, काहींना नाही. वडिलांना घेतलं, पण पुढे काही वर्षांनी गिरणीत टेबल मांडलं आणि एकेकाला बोलावून कागद पुढे सरकवला. स्वेच्छानिवृत्ती. कागद इंग्रजीत. वडिलांनी विचारलं, नाही केली तर? साहेब म्हणाले, गिरणी बंद झाल्यावर हेही मिळणार नाही. वडिलांनी सही केली. घरी येऊन आईला म्हणाले, "माझी इच्छा होती असं लिहिलंय म्हणे."

मिळालेल्या पैशांतून बहिणीचं लग्न झालं आणि गावच्या घरावर कौलं चढली. दोन वर्षांत संपले. त्यांना वाईट पैशांचं वाटलं नाही. खोटं आपल्या हातानं लिहून दिलं, ते शेवटपर्यंत खुपत राहिलं.

तुम्हाला तर इंग्रजी येतं. वाचा, आणि मग ठरवा.

टोपणनाव_हरवलंय | मंगळवार, रात्री ९:४४

🙏

चाकण_तिसरी_पाळी | बुधवार, सकाळी ६:२०

बसमधून लिहितोय. मॅडम, तुम्हाला मीटिंग तरी आली. आमच्याकडे गेटवर कार्ड पंच झालं नाही, तेव्हा कळलं. मी ठेकेदाराकडून होतो. कंपनी म्हणते ठेकेदाराला विचार, ठेकेदार फोन उचलत नाही. अठ्ठावीस जण होतो.

वकीलबाई, आमच्यासारख्याला काय आहे?

वकीलीणबाई | बुधवार, सकाळी ८:५०

दादा, राहिलेला पगार आधी. ठेकेदारानं दिला नाही तर मुख्य मालकानं द्यायचा आणि ठेकेदाराकडून वसूल करायचा, हे कंत्राटी कामगारांच्या कायद्यात पहिल्यापासून आहे, नव्या संहितेतही आहे. गेट पास, पगाराच्या नोंदी, व्हॉट्सॲपवर आलेलं पाळीचं वेळापत्रक, जे असेल त्याचे फोटो काढा. अठ्ठावीस जणांनी एकच अर्ज द्या. एकट्यादुकट्याच्या अर्जापेक्षा त्याला वजन येतं.

कामावरून काढलेल्याचा हिशेब दोन कामकाजी दिवसांत चुकता करायचा, असं वेतन संहिता सांगते. 'फुल अँड फायनल ४५ दिवसांनी' ही कंपन्यांची सवय आहे, कायदा नाही. हे छत्रीलाही लागू.

चाकण_तिसरी_पाळी | बुधवार, सकाळी ९:१५

ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं, एक सांगतो, कुणाच्या कामी येईल. २०२१ मध्ये काम गेलं तेव्हा अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून मला निम्म्या पगाराच्या हिशेबानं ९० दिवसांपर्यंतचे पैसे मिळाले होते. ठेकेदारानं कधी सांगितलं नव्हतं, दवाखान्यात रांगेतल्या माणसानं सांगितलं. ज्याचं ईएसआय कापलं जातं त्यानं शाखा कार्यालयात जाऊन विचारावं.

सांताक्लाराची_सून | बुधवार, सकाळी १०:३०

इथे रात्र आहे, झोप येत नाही कारण आमच्याकडेही तेच. नवऱ्याचा एच-१बी, म्हणजे नोकरीवरचा व्हिसा, त्याच्या ऑफिसात गेल्या महिन्यात कपात झाली, तो थोडक्यात वाचला.

अमेरिकेत १९८८ चा 'वॉर्न' कायदा आहे. शंभर किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकानं मोठी कपात करण्याआधी ६० दिवसांची लेखी नोटीस द्यायची, कर्मचाऱ्यांना आणि सरकारलाही. कॅलिफोर्नियात ही मर्यादा ७५ वर आणलीय. त्या नोटिशींची यादी राज्याच्या संकेतस्थळावर लागते: कंपनी, शहर, किती माणसं, कधीपासून. आम्ही बायका ती यादी निकाल बघावा तशी बघतो.

म्हणून तिकडे सगळं छान असं मात्र नाही. इथे एकेकट्याला काहीही कारण न देता उद्यापासून येऊ नको म्हणता येतं. दर वर्षामागे पंधरा दिवस वगैरे कायद्यात काही नाही, जे मिळतं ते दावा करणार नाही असं लिहून दिल्यावर. त्यातही चाळिशीच्या पुढच्यांना सामूहिक कपातीत तो कागद वाचायला ४५ दिवस द्यावे लागतात आणि सही केल्यावर सात दिवसांत मागे घेता येते. आणि एच-१बीवाल्याला नोकरी संपल्यापासून जास्तीत जास्त ६० दिवस. त्यात नवा मालक सापडला नाही, व्हिसा बदलला नाही, तर मुलांची शाळा अर्ध्यावर टाकून परत. इथले मराठी लोक नोटिशीचे ६० दिवस पगारपत्रकावर राहायची धडपड करतात ती यासाठीच, मग व्हिसाचं घड्याळ उशिरा सुरू होतं.

एक बाळबोध प्रश्न. भारतात मोठ्या कपातीला सरकारची परवानगी लागते असं ऐकलं होतं. मग हे कसं चालतं?

वकीलीणबाई | बुधवार, सकाळी ११:१०

बाळबोध नाही, नेमका आहे. परवानगी लागते ती कारखाना, खाण आणि मळा यांना. पूर्वी १०० कामगारांपासून लागायची, आता ३०० पासून. सॉफ्टवेअर कंपनीत लाखभर माणसं असली तरी ती यातलं काहीच नाही. चाकणच्या साडेतीनशे कायम कामगारांच्या कारखान्याला परवानगी लागते, हिंजवडीच्या काचेच्या इमारतीला लागत नाही. तिला नोटीस, भरपाई आणि सरकारला कळवणं एवढंच, आणि राजीनामे गोळा केले की तेही टळतं.

अजून एक. सर्वसाधारणपणे त्या त्या प्रकारच्या कामात जो शेवटी आला तो आधी जातो, वेगळं करायचं असेल तर कारण लिहून ठेवावं लागतं. छत्री, तुमच्या नऊ जणांत नवे किती?

पावसाळी_छत्री | बुधवार, सकाळी ११:२५

एकही नाही. सगळे आठ वर्षांच्या पुढचे. ज्याला मी ट्रेनिंग दिलं तो आहे जागेवर.

वकीलीणबाई | बुधवार, सकाळी ११:३०

हेही लिहून ठेवा.

आता कंपनीला मेल करा, दोनच ओळी, राग न दाखवता: 'सोमवारच्या बैठकीत मला राजीनामा देण्यास सांगण्यात आले. माझी राजीनामा देण्याची इच्छा नाही. मी कामावर हजर आहे. कंपनीचा निर्णय असल्यास कारणासह लेखी कळवावा.' त्याची प्रत स्वतःच्या खासगी मेलवर. पगारपत्रकं, नेमणूकपत्र, अप्रेझल आजच उतरवून घ्या. पण क्लायंटची एक फाईलही घरी पाठवू नका, कोडची ओळसुद्धा नाही. तेवढं कारण त्यांना पुरतं.

हप्तेवारीत_रखडलेला | बुधवार, रात्री ८:००

दोन गोष्टी माझ्या अनुभवातून, मला दोन वर्षांपूर्वी नारळ मिळाला होता. पहिली, कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो. तो संपायच्या आधीच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचा अर्ज करा, म्हणजे जुन्या आजारांचा प्रतीक्षा काळ शून्यापासून मोजला जात नाही. मी आळस केला, आईच्या गुडघ्याच्या वेळी महागात पडलं. दुसरी, बँकेत हप्ता चुकायच्या आधी जा. चुकल्यावर गेलं की बोलणारा माणूस बदलतो.

आणि भरपाईची रक्कम 'कपात' म्हणून आली तर ५ लाखांपर्यंत करात सूट आहे, राजीनाम्यावर कंपनीनं मर्जीनं दिलेल्या रकमेला, 'एक्स ग्रेशिया'ला, ती नाही. माझा कर कापला गेला तेव्हा कळलं.

पावसाळी_छत्री | शनिवार, दुपारी ४:१८

बुधवारी रात्री मेल केला. पाठवायचं बटण दाबायला चाळीस मिनिटं लागली. गुरुवारी सकाळी फोन: "अहो मॅडम, लेखी कशाला, आपण बसून बोलू की." मी म्हटलं, बसू, पण मिनिट्स मेलवर पाठवा. मग काही बोलले नाहीत.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला लॅपटॉप लॉक झाला. साडेसातला पत्र आलं, टर्मिनेशनचंच, पण कारण 'पद अतिरिक्त ठरल्यामुळे'. कामगिरीबद्दल एक शब्द नाही. नोटिशीचा पगार देऊ म्हणतात, वर्षांच्या भरपाईचा उल्लेख नाही.

नऊपैकी सहा जणांनी राजीनामा टाकला. एकाची बायको सात महिन्यांची गरोदर आहे, त्याला मी काय सांगणार?

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं, टाकला नाहीस." मग जरा वेळानं, "पण मोलकरीण काढायची का?" दोन्हीचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

वकीलीणबाई | शनिवार, दुपारी ५:०२

'पद अतिरिक्त' त्यांनीच लिहिलं, उत्तम. आता शिवाजीनगरला अपर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात समेट अधिकाऱ्याकडे अर्ज. तिघांचे वेगवेगळे, पण एकाच दिवशी. ४५ दिवसांत समेट झाला नाही तर थेट दावा करता येतो. काढल्यापासून दोन वर्षांच्या आत करायचा, पूर्वी तीन वर्षं मिळायची, ती कमी झालीत. झेरॉक्सचे तीन संच न्या, आणि पोच शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

पावसाळी_छत्री | तीन आठवड्यांनी, मंगळवार, रात्री १०:१५

थोडक्यात लिहिते. पहिली तारीख झाली. कंपनीकडून वकील आणि एक कोवळा एचआरचा मुलगा, माझ्या डोळ्यांत न बघणारा. अधिकाऱ्यांनी विचारलं, "सरकारला कळवलं होतंत का?" वकील म्हणाले, "त्या कामगार नाहीत, त्यामुळे प्रश्नच नाही." अधिकाऱ्यांनी मला विचारलं, दिवसभर काय करता? मी तुम्हाला सांगितलं तेच सांगितलं. ते लिहून घेतलं.

बाहेर पडल्यावर कंपनीच्या वकिलांनी एक आकडा सुचवला. नोटिशीच्या पगाराखेरीज चार महिने. कायद्याप्रमाणे सहा होतात. मी अजून हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पुढची तारीख १७. दोन इंटरव्ह्यू झाले, एकीकडे विचारलं का सोडलंत, मी म्हटलं सोडलं नाही, पद रद्द केलं. ते पुढच्या प्रश्नाकडे गेले.

नवा_सदस्य_४४७ | तीन आठवड्यांनी, मंगळवार, रात्री ११:३६

मी त्या सहांतला. छत्री मला ओळखेल, नाव लिहीत नाही. राजीनामा टाकून पंचवीस दिवस झाले. पोर्टलवर अजून 'प्रलंबित' दिसतंय, स्वीकारल्याचा मेल आलेला नाही, शेवटचा दिवस पुढच्या महिन्यात आहे. आता काही होऊ शकतं का?

वकीलीणबाई | तीन आठवड्यांनी, मंगळवार, रात्री ११:४५

होऊ शकतं. स्वीकारला जाण्याआधी राजीनामा मागे घेता येतो, सर्वोच्च न्यायालयानं हे अनेकदा सांगितलंय. उद्या नाही, आत्ता. पोर्टलवर मागे घ्यायचं बटण आहे का?

नवा_सदस्य_४४७ | तीन आठवड्यांनी, मंगळवार, रात्री ११:४९

आहे. पण राखाडी आहे, दाबलं जात नाही.

वकीलीणबाई | तीन आठवड्यांनी, मंगळवार, रात्री ११:५०

त्याचाच फोटो काढा, वेळ दिसेल असा. मेलला जोडा. एचआर आणि मॅनेजर दोघांनाही पाठवा. बाराच्या आत.